आकाशाची साक्ष

चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवीच्या डोंगरकुशीत, पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला जमीन दिली. दानाची वेळ लेखात नोंदली आहे: शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. इसवी सनाच्या हिशेबाने हे साल १२०७ येते.

ग्रहणकाळातल्या दानाचे पुण्य मोठे, म्हणून मुहूर्त ग्रहणाचा. दान मात्र अशा ग्रंथांच्या अध्यापनासाठी, ज्यांत ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे आणि तो कधी सुरू होणार, कधी संपणार हे आधी मांडता येते, असे सांगितले आहे. दान देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला यात काही विसंगत वाटले असेल असे लेखावरून दिसत नाही.

प्राचीन ज्योतिषाबद्दल आपल्याकडे दोन टोकांनी बोलले जाते. आमच्या पूर्वजांना सारे काही आधीच ठाऊक होते, हे एक टोक. ते सारे पुराणातल्या कथांवर विसंबून होते, हे दुसरे. दोन्हीकडे निकाल आधी लागलेला असतो. त्या माणसांना निकाल लावता कसा येत होता, हे पाहणे त्याहून उद्बोधक आहे. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. होता एक उभा शंकू, वेळ मोजायला घटिकापात्र, तारा रोखून पाहायला नळी आणि मागल्या पिढ्यांनी राखलेले आकडे. एवढ्या सामग्रीवर आकाश काही प्रश्नांची स्वच्छ उत्तरे देते, काहींवर गप्प बसते आणि काहींची उत्तरे देते खरी, पण त्यासाठी शेकडो वर्षे लावते. पृथ्वीचा आकार आणि ग्रहणे पहिल्या प्रकारात मोडतात, पृथ्वीचे फिरणे दुसऱ्या आणि ग्रहांची गती तिसऱ्या.

निराधार गोल

बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर दुपारी त्याची सावली मोजायची. हिला पलभा म्हणतात. पुण्यात ती सुमारे चार अंगुळे भरते, उज्जैनला पाचाहून थोडी जास्त. उत्तरेकडे जावे तशी ती वाढत जाते, ध्रुवतारा क्षितिजापासून वर चढत जातो आणि दक्षिणेकडचे काही तारे दिसेनासे होतात. जमीन सपाट असती तर काही शे मैलांच्या प्रवासात तारे असे वर-खाली झाले नसते.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘आर्यभटीय’ रचले. त्यात पृथ्वी गोल आहे आणि कदंबाचे फूल जसे चहूबाजूंनी केसरांनी भरलेले असते तसे तिच्यावर सर्व बाजूंनी प्राणी राहतात, असे म्हटले आहे. इथे ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा अर्थच बदलतो. आपल्या पायाखाली, पलीकडच्या बाजूला असणारा माणूस उलटा लटकत नाही. त्याच्या दृष्टीने आपणच खाली आहोत.

साहजिकच पुढचा प्रश्न येतो: हा गोळा कशावर टेकला आहे? पुराणांत शेष आहे, कूर्म आहे, दिग्गज आहेत. वराहमिहिराने सहाव्या शतकात दिलेले उत्तर वेगळे होते. सर्व बाजूंनी चुंबक असले की मधला लोखंडी गोळा जसा अधांतरी राहतो, तशी पृथ्वी ताऱ्यांच्या पिंजऱ्यात राहिली आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात हा प्रश्न तर्काने सोडवला. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. कुठेतरी थांबून ‘हा स्वतःच्या शक्तीने राहिला आहे’ असे म्हणावेच लागते. मग ते पृथ्वीविषयीच का म्हणू नये? पृथ्वीच्या अंगी आकर्षण आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते आणि म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. सभोवती आकाश सारखेच असताना पृथ्वीने पडायचे तरी कुठे?

यावरून भास्कराचार्यांना न्यूटनच्या आधीच गुरुत्वाकर्षणाचा नियम सापडला होता, असे सांगणारे भाषण आपण ऐकलेले असते. भास्कराचार्यांनी ओढ सांगितली आहे. ती अंतराबरोबर किती घटते, चंद्राला तीच लागू पडते का, याचे गणित केलेले नाही. त्यांचा प्रश्न पृथ्वीच्या आधाराचा होता, आणि त्या प्रश्नापुरते त्यांचे उत्तर चोख आहे. पृथ्वी सतत खाली पडते आहे असे म्हणणाऱ्या बौद्ध मतालाही त्यांनी असेच उलट विचारले: पृथ्वी इतकी जड, ती वेगाने पडत असती तर वर फेकलेली हलकी वस्तू तिला परत गाठते कशी?

गोल सपाट का दिसतो, याचेही कारण त्यांनी दिले. परिघाचा अगदी लहान तुकडा सरळच भासतो आणि माणसाची नजर पोहोचते ती तेवढ्याच तुकड्यापुरती. परीघ मोजण्याची रीत त्यांनी त्रैराशिकाने सांगितली. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन गावांचे अक्षांश काढा, गावांतले अंतर मोजा. एवढ्या अंशांना एवढी योजने, तर ३६० अंशांना किती? त्यांचा परीघ ४,९६७ योजने आहे. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर, असे ते सांगतात. आजच्या नकाशात उज्जैन सुमारे २३.२ अंशांवर आहे.

राहूचे काय झाले?

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू सूर्याला अंधाराने झाकतो आणि अत्री ऋषी सूर्य पुन्हा शोधून काढतात. पुढे पुराणांत अमृत प्यायलेल्या राहूचे डोके उरते आणि ते सूर्यचंद्राला गिळू लागते. ज्योतिष्यांना ही कथा परंपरेने मिळाली होती. आर्यभटाने ग्रहणाचे कारण सांगताना तिचा आधार घेतला नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते, एवढेच त्याने लिहिले आणि लगेच छायेची लांबी काढायला घेतली.

त्याच्या मापांत पृथ्वीचा व्यास १,०५० योजने, चंद्राचा ३१५ आणि सूर्याचा ४,४१० आहे. सूर्य मोठा, पृथ्वी लहान, म्हणून छाया शंकूसारखी निमुळती होत जाते. आर्यभटाच्या आकड्यांनी तिची लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १३७ पट येते. आजच्या मापांनी सुमारे १०८ पट. चंद्र जिथून ही छाया ओलांडतो तिथे तिची रुंदी चंद्राच्या अडीच पटींहून थोडी अधिक भरते, आणि हे आजच्या उत्तराच्या जवळ आहे. म्हणूनच खग्रास चंद्रग्रहण तासाहून अधिक काळ टिकू शकते, हे त्याच्या गणितातून नीट निघते.

पण याच आकड्यांत एक मोठी चूक दडलेली आहे. आर्यभटाचा सूर्य पृथ्वीच्या ४.२ पट रुंद आहे. खरा सूर्य सुमारे १०९ पट. सर्व ग्रह दररोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धांतकारांनी गृहीत धरले होते. मग ज्याला फेरीला वेळ जास्त त्याची कक्षा त्या प्रमाणात मोठी. चंद्राचे अंतर बऱ्यापैकी बरोबर असल्याने सूर्याचे या हिशेबाने फारच कमी आले. तरीही ग्रहण बिघडले नाही. ग्रहणाच्या गणिताला मुख्यतः हवे असते ते बिंब आकाशात किती मोठे दिसते ते. आर्यभटाच्या आकड्यांनी सूर्याचे बिंब सुमारे ३३ कला आणि चंद्राचे साडेएकतीस कला येते, आणि डोळ्यांना दिसते तेही जवळपास एवढेच. अंतर चुकले आणि आकारही त्याच प्रमाणात चुकला, म्हणून दृश्य बरोबर राहिले. सूर्य खरोखर किती दूर आहे, हे ग्रहण पाहून त्यांना कळण्यासारखे नव्हते.

कथेविरुद्ध पुरावा मात्र ग्रहणातच होता, आणि तो वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मांडला. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. तो पृथ्वीच्या छायेत शिरतो तेव्हा त्याची पूर्वेकडची कड आधी काळवंडणार. म्हणून चंद्रग्रहण पश्चिम कडेने कधी सुरू होत नाही. सूर्यग्रहणात तोच चंद्र सूर्याला मागून येऊन गाठतो, म्हणून तिथे स्पर्श सूर्याच्या पश्चिम कडेला होतो, पूर्वेला कधीच नाही. गिळणारा राहू मनाला येईल त्या बाजूने का येत नाही? शिवाय सूर्यग्रहण एका गावी खग्रास असते, दुसऱ्या गावी खंडग्रास आणि तिसऱ्या गावी नसतेच, कारण चंद्र ढगासारखा सूर्याच्या खाली येतो आणि ढग कुठे झाकतो हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरते. यालाच गणितात लंबन म्हणतात.

भास्कराचार्यांनी आणखी एक खूण दाखवली. अर्धे ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट असतात आणि ग्रहण बराच वेळ चालते. अर्ध्या सूर्याची टोके तीक्ष्ण असतात आणि ग्रहण लवकर सुटते. याचा अर्थ चंद्राला झाकणारी वस्तू त्याच्याहून बरीच मोठी आणि सूर्याला झाकणारी तुलनेने लहान. दोन्ही ठिकाणी एकच राहू असता तर असा फरक पडला नसता.

राहू मग गेला कुठे? तो गणितात राहिला. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी थोडी तिरपी आहे. सिद्धांतांत साडेचार अंश, प्रत्यक्षात पाचाहून थोडी जास्त. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पात. पौर्णिमा किंवा अमावास्या पाताजवळ झाली तरच ग्रहण होते, म्हणून ते दर महिन्याला होत नाही. हे पात उलट दिशेने सरकतात. आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पाताच्या २,३२,२२६ फेऱ्या सांगितल्या आहेत, म्हणजे सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी. आजचा आकडाही तोच. पंचांगात राहू-केतू नेहमी समोरासमोर आणि नेहमी वक्री का असतात, याचे कारण हेच. राक्षसाचे नाव एका बिंदूला मिळाले.

राहूला नाकारणे सगळ्यांनाच सोपे गेले नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिताना आर्यभट आणि वराहमिहिर यांना याच कारणावरून दोष दिला, की राहू नाकारणे स्मृतींच्या विरुद्ध आहे. त्याच ग्रंथात त्याने ग्रहणाचे गणित मात्र छायेनेच केले. चारशे वर्षांनी अल्-बिरुनीने हे वाचले आणि तो चक्रावला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो? लोकमताविरुद्ध गेल्यामुळे सॉक्रेटिसावर आली तशी वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून त्याने असे केले असावे, असा तर्क त्याने केला. भास्कराचार्यांनी मधली वाट काढली: ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो. छायेचे गणित तसेच राहिले आणि पुराणालाही जागा मिळाली. पाटणचा दानलेख याच समझोत्यातून आलेला आहे.

फिरते कोण?

ग्रहणाच्या बाबतीत एका मताच्या बाजूने आकाशाची साक्ष काढता आली. पृथ्वी फिरते की तारे फिरतात, या प्रश्नावर ती मिळेना.

आर्यभटाने महायुगातल्या सूर्याच्या आणि चंद्राच्या फेऱ्यांबरोबर पृथ्वीच्याही फेऱ्या दिल्या आहेत: १,५८,२२,३७,५००. त्यावरून पृथ्वीचे एक भ्रमण २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचे येते. आजचे मापही एवढेच आहे. नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पण त्याच्या पुढच्याच श्लोकात प्रवह वारा ताऱ्यांचा पिंजरा फिरवतो असेही आले आहे. पुढच्या बऱ्याच टीकाकारांनी त्या श्लोकाचा आधार घेऊन पृथ्वी थांबवून टाकली.

विरोध करणारे केवळ रूढीला धरून होते, असे समजणे चुकीचे होईल. पृथ्वी फिरत असेल तर सकाळी घरट्यातून उडालेले पक्षी परत घरट्यावर कसे येतात, झेंडे सदैव पश्चिमेकडे का फडकत नाहीत, असे वराहमिहिराने विचारले. पृथ्वी एका प्राणात, म्हणजे चार सेकंदांत, एक कला फिरते असे म्हटले, तर उंच वस्तू पडत का नाहीत, असे ब्रह्मगुप्ताने विचारले. प्रश्न नेमके आहेत. विषुववृत्तावर जमीन ताशी सोळाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते आणि आपल्याला वाऱ्याची झुळूकही लागत नाही, हे खरोखरच चमत्कारिक आहे.

जमीन, हवा, पक्षी आणि झेंडा सारे एकाच गतीने जात असतात आणि एकसारखी गती आतल्या माणसाला जाणवत नाही, हे उत्तर गॅलिलिओच्या १६३२ च्या ग्रंथात आले. पृथ्वी फिरते हे बंद दालनात, आकाश न पाहता दाखवणारा प्रयोग तर फुकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये केला. त्याआधी उगवते-मावळते तारे पाहून दोन्ही मते तितकीच जुळत होती. ब्रह्मगुप्ताचा भाष्यकार पृथूदकस्वामी भ्रमणाच्या बाजूने बोलला, पण निर्णायक पुरावा त्याच्याही हाती नव्हता. पुरावाच नसेल तर बहुमत जिथे तिथेच मत स्थिर होते.

वक्री ग्रह आणि दोन उच्चे

ग्रहांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. मंगळ महिनोन्‌महिने ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, मग मंदावतो, थांबतो, उलटा फिरतो आणि पुन्हा सरळ होतो. सिद्धांतकारांनी त्यासाठी दोन दुरुस्त्या ठेवल्या. प्रथम ग्रहाची सरासरी जागा, म्हणजे मध्यम ग्रह, काढायची. मग मंदोच्चाची दुरुस्ती. ग्रहाचा वेग एकसारखा नसतो, तो फरक तिने भरून निघतो. नंतर शीघ्रोच्चाची दुरुस्ती, आणि वक्री होणे हिच्यातून निघते. ग्रीक ज्योतिष्यांनीही वर्तुळावर वर्तुळ बसवून हेच साधले होते आणि ती कल्पना भारतात आल्याच्या खुणा आहेत. वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त जे पाच सिद्धांत गोळा केले, त्यांतल्या एकाचे नाव रोमक आहे.

या रचनेत एक लक्षणीय गोष्ट दिसते. मंगळ, गुरू आणि शनी या तिघांचेही शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्य. वेगवेगळ्या ग्रहांच्या गणितात सूर्य पुन्हा पुन्हा का येतो? बुध-शुक्रांच्या शीघ्रोच्चांच्या फेऱ्या आर्यभटाच्या आकड्यांनी सुमारे ८८ आणि २२४.७ दिवसांच्या येतात. हे ग्रह सूर्याभोवती एक फेरी याच काळात करतात. सूर्य केंद्रस्थानी आहे ही माहिती कोष्टकात नोंदली गेली होती, पण तिचा तसा अर्थ कोणी लावला नव्हता. केरळात नीलकंठ सोमयाजी १५०० च्या सुमारास या अर्थाकडे वळले. पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी मांडणी त्यांनी केली.

बीज

ग्रहांची सरासरी गती काढणे म्हणजे फेऱ्या मोजणे, आणि फेऱ्या जितक्या जास्त तितका आकडा नेमका. आर्यभटाचा गुरू ११.८६ वर्षांत फेरी पुरी करतो. आजचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत हाच. चांद्रमास त्याच्या आकड्यांनी २९.५३०५८ दिवसांचा येतो, आणि तिथे फरक सेकंदाहूनही कमी. शनी मात्र जरा संथ आहे: २९.४७५ वर्षे, प्रत्यक्षात सुमारे २९.४५७. फेरीमागे काही दिवसांचा हा फरक एका माणसाच्या आयुष्यात ध्यानात येणार नाही. हजार वर्षांत तो सात-आठ अंशांवर जातो आणि मग साध्या डोळ्यांनाही दिसतो.

अशा वेळी जुन्या आकड्यांत घालायच्या दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणत. तो करायचा तर आकाशाकडे पाहणे भाग होते. केरळात परमेश्वराने अनेक दशके ग्रहणांचे वेध घेतले आणि १४३१ मध्ये नवी ‘दृक्’ पद्धत सांगितली. कोकणात, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ हेच करत होते. कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताशी जुळतो, हे त्यांनी वेध घेऊन तपासले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिले तेव्हा ते, परंपरा सांगते, तेरा वर्षांचे होते.

‘ग्रहलाघवा’त ज्या, म्हणजे साइन, टाळून सोप्या भागाकारांनी काम भागवले आहे, म्हणून गावोगावच्या जोशांना पंचांग करणे जमले आणि महाराष्ट्रात हा ग्रंथ शतकानुशतके चालला. पण त्याची खरी धिटाई आरंभीच दिसते. कोणता ग्रह कोणत्या पक्षाचा, म्हणजे कोणत्या सिद्धांतपरंपरेचा घ्यायचा, हे तिथे ठरवले आहे: सूर्य सौरपक्षाचा, गुरू आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचा, बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, शुक्र आर्य आणि ब्राह्म यांच्या मधला, आणि शनी आर्यपक्षाचा खरा, पण त्यात पाच अंश मिळवून. सिद्धांत प्राचीन आणि पूज्य. तरी शनी जिथे दिसत नाही तिथे त्याला ठेवायला गणेश तयार नव्हते. एकाच ग्रंथावर निष्ठा ठेवण्याऐवजी त्यांनी प्रत्येक ग्रहापुरता वेगळा निवाडा केला.

साडेतीनशे वर्षांत ‘ग्रहलाघवा’चेही आकडे मागे पडले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ मध्ये नॉटिकल अल्मनॅक या इंग्रजी पंचांगाच्या आधाराने पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग. तिथी आणि ग्रह आकाशाशी जुळणारे हवेत की परंपरेशी, यावर वाद झडले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या साऱ्या इतिहासाची मराठीत मांडणी केली, ती अजूनही अभ्यासकांच्या हाताशी असते. छत्रे गणेश दैवज्ञांना सोडून परक्या गणिताच्या मागे गेले, असे त्या काळी पुष्कळांचे म्हणणे होते. तो न्याय लावायचा, तर शनीत पाच अंश मिळवणारे गणेश दैवज्ञही आर्यभटाला सोडून गेले, असेच म्हणावे लागेल.